हुप्प्याने निवडलेली केप

बंदुकीत दारू नळीच्या तोंडातून ठासून भरायचे, त्या काळची गोष्ट. बिबट्याला भिऊन पळालेल्या शिकाऱ्याची भरलेली बंदूक वानरांच्या टोळीला सापडली. तिच्या घोड्याखाली केप, म्हणजे ठिणगी पाडणारी तांब्याची इवलीशी टोपी, तेवढी बसवायची राहिली होती.

शेजारी पडलेल्या शिकाऱ्याच्या डबीत दोनच केपा उरल्या होत्या.

"मला नीट दाबून बसवावं लागेल," पहिली म्हणाली.

"मी तर नुसती टेकवली तरी बसते, महाराज," दुसरी, ढिली केप लाजत म्हणाली.

"ही गुणाची दिसते!" टोळीचा म्होरक्या हुप्प्या खूश झाला. बंदुकीने कपाळावर हात मारून घेतला असता, पण तिला हात नव्हते.

बिबट्या आला. हुप्प्याने चाप ओढला. नुसतं 'टिक्' झालं. बिबट्या जांभई देऊन निघून गेला.

"थांबा!" बंदूक कळवळून म्हणाली. "ढिल्या केपेची ठिणगी अर्धवटच आत आलीय, अजून धुमसतेय. माझं तोंड डोंगराकडे धरून ठेवा."

"आम्हाला शिकवतेस?" हुप्प्या भडकला. "बघूच तुझ्या पोटात काय आहे ते!" आणि तो नळीत डोकावला.

बंदुकीने होती नव्हती ती ताकद लावून तोंड जरासं वळवलं, तेवढ्यात बार उडाला. हुप्प्याचा जीव वाचला, डावा कान मात्र गेला.

बिबट्या दिसताच झाडावर चढून बसलेला टोळीचा प्रधान लगबगीने खाली उतरला आणि हुप्प्याच्या उरलेल्या कानाशी लागून म्हणाला, "काय नेम धरलात, महाराज!"