पडद्यावरचं नाव

जत्रेच्या नाटकात गावच्या विहिरीला कुलूप घालणारा एक श्रीमंत माणूस होता. कॉलेज सोडून घरी बसलेल्या प्रमिलाने ते लिहिलं होतं आणि त्या माणसाच्या नावावरून तालीमच अडली.

"रंगराव? ते माझ्या चुलत्याचं नाव!" संपतराव ढमाले गरजले. गावची विहीर त्यांनीच कुंपणात घेतली होती.

"बदल की गं," प्रमिलाचे वडील त्यांच्यापुढे हात जोडून पुटपुटले. ते जोडलेले हात बघून तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने तीनदा नाव बदललं. दरवेळी संपतरावांना त्यात आपलाच भाऊबंद दिसला आणि जत्रेच्या समितीतल्या म्हाताऱ्यांनी मुकाट माना डोलावल्या.

"मग त्याला नावच नको, काका. नुसतं 'मालक' म्हणू."

"आत्ता कसं शहाण्यासारखं बोललीस!"

"फक्त तो उभा राहील तुम्ही दिलेल्या पडद्यापुढे."

सगळ्यांनी वर पाहिलं. पडद्यावर हातभर अक्षरांत रंगवलं होतं, 'संपतराव ढमाले यांजकडून सप्रेम भेट'.

संपतरावांची मान खाली गेली. "तो पडदा काढा," ते कसेबसे म्हणाले.

"पडदा राहू द्या, काका. विहिरीचं कुंपण काढा."

वडिलांनी जोडलेले हात सोडले, पण लेकीच्या नजरेला नजर द्यायची त्यांना लाज वाटली.