परवाना कचेरीला किती तारे?

राजा अरिंजयाच्या मेव्हण्याने मोबाइलवरून भांग मागवली आणि पुढचे दोन दिवस तो दरबारातल्या खांबांना मुजरे करत होता. तिसऱ्या दिवशी राजाचं डोकं फिरलं.

"भांग विकायला परवाना लागतो ना? मग ही भेसळ कुणी विकली?"

"महाराज, मोबाइलवर भांगेची चाळीस दुकानं," प्रधान म्हणाला. "विक्रेत्याचं तोंड दिसत नाही. परवान्याचा फोटो मात्र चाळिसांनीही लावलाय. त्यातले काही बनावट आहेत."

"नोंदवहीशी ताडून बघा!"

"नोंदवही वाळवीनं खाल्ली, महाराज."

"मग उद्या संध्याकाळपर्यंत खरे-खोटे निवडा, नाहीतर चाळिसांचेही परवाने रद्द!"

ही दवंडी परवाना कचेरीच्या मागच्या दारी चहा विकणाऱ्या गिरजाक्काने ऐकली. तिच्या नवऱ्याने, बाळोबाने, अकरा महिने खेटे घालून भांगेचा परवाना मिळवला होता. घर त्याच्यावर चालत होतं. तिने शेगडी विझवली आणि थेट दरबार गाठला.

"महाराज, मी निवडून देते. फकस्त सगळ्या दुकानांना एक निरोप धाडा. परवाना कचेरीचा कारभार कसा वाटला? पाचापैकी तारे द्या, चार शब्द लिवा. चांगलं लिवणाऱ्याला दरबारी फेटा!"

"एवढ्यानं चोर सापडतील?"

"न्हाई सापडले तर माझी शेगडी जप्त करा!"

दुपारपर्यंत उत्तरं आली. प्रधान वाचू लागला. "एक तारा. एक तारा. अर्धा देता येतो का, असं विचारलंय. हा म्हणतो, शून्याच्या खाली काही आहे का? आणि हा बाळोबा... एक तारा, तोही बाहेरच्या चहाला."

गिरजाक्काने पदर सावरला.

"आणि हे सात जण! पाच तारे! 'कर्मचारी हसतमुख. पहिल्याच फेरीत काम झालं. पुढच्या दारातच स्वागत!'"

"धरा त्या सातांना!" गिरजाक्का म्हणाली. "पुढचं दार नऊ वर्सं बंद हाय. समदी माझ्या शेगडीपासनं आत जात्यात!"

शिपाई धावले. सातांच्या घरी बनावट शिक्के सापडले आणि भेसळीची पोतीही.

राजाचा चेहरा मात्र पडला. "म्हणजे माझी कचेरी इतकी वाईट?"

गिरजाक्काने हात जोडले.

"तसं कसं म्हणू, महाराज? पर तिची तारीफ त्योच करतो, ज्यानं तिची पायरी कधी चढलेली न्हाई!"

राजा असा खदखदून हसला, की मेव्हण्याने दचकून आणखी एका खांबाला मुजरा केला.

"हिला मोत्यांची कंठी द्या!"

कचेरीचा कारकून पुढे सरसावला. "महाराज, बक्षिसासाठी अर्ज तीन प्रतींत, आणि गुरुवारी यावं लागेल..."

राजाने स्वतःच्या गळ्यातली कंठी काढली आणि तिथल्या तिथे गिरजाक्काच्या हातात ठेवली.