खानाच्या झाडाला फळ धरलं ती गोष्ट

या, सावलीत या मंडळी. अहो चष्मेवाले, वर फळं शोधू नका, मान आखडेल. हे जर्दाळूचं झाड. ह्याला जन्मात कधी फूल आलं नाही, तरी आम्ही उंबरदऱ्याची माणसं ह्याला फळझाडच म्हणतो. भांडू नका, आधी ऐका.

फार मागे गुलबाज खान नावाचा काबुली सुकामेवा विकत इथवर आला, असं सांगतात. घाटात तट्टू लंगडलं म्हणून थांबला, तो थांबलाच. गावच्या बैलांना औषधपाणी करी. त्याच्या मेव्याला लोक 'खानाची सुकी बोरं' म्हणत. बोरं म्हटलं की तो चिडे, म्हणून मुद्दाम म्हणत! गाव पहिल्यापासून असलंच.

त्यानं इथं एक बी पुरली आणि म्हणे शपथ घेतली, "ह्याला फळ धरलं तर ही माती माझी. नाही धरलं तर मी परका. निघून जाईन."

झाड वाढलं, पण नुसती पानं मिरवत राहिलं. वर्षांमागून वर्षं गेली. एका चैत्रात खान म्हणाला, "उद्या निघतो." गावाला जेवण गोड लागेना. येसू कुंभारीण तेवढी कडाडली, "एवढा मोठा बाप्या, झाडाचं ऐकतो अन् आमचं नाही!" मग तिनं खानाच्याच पोत्यातली सुकी फळं काढली आणि तांबडं फुटायच्या आत बायाबाप्यांनी ती लाल दोऱ्यानं फांद्यांना बांधली.

खान तट्टू घेऊन आला. वर पाहिलं. सुरकुतलेली फळं, त्यांवर ढळढळीत लाल गाठी! त्यानं एक फळ दोऱ्यासकट तोडलं, तोंडात टाकलं आणि कितीतरी वेळ चघळत राहिला.

"पिकलंय," तो म्हणाला.

येसूला कुठला धीर! "गोड आहेत ना बोरं, खानभाऊ?"

"बोरं नाही गं बाई, जर्दाळू! जर्द म्हणजे पिवळं, आलू म्हणजे आलुबुखार. आपल्या झाडाचं नाव तरी नीट घ्या!" असं ओरडत त्यानं तट्टूचं खोगीर उतरवलं.

हे नाव साऱ्या मुलखात इथूनच गेलं, असं आम्ही छातीठोक सांगतो. शेजारचं गाव हसतं. हसू द्या, त्यांच्याकडे झाड कुठंय?

आजही चैत्रात सारं गाव दोरे घेऊन इथं जमतं. पहिलं फळ तोडायचा मान त्या वर्षी गावात नव्यानं आलेल्याचा, मग ती कुणाची सून असो, मास्तर असो, नाहीतर बदलून आलेला तलाठी. ते माणूस फळ चावून "पिकलंय" म्हणतं. त्यानंतर त्याला "तुम्ही मूळचे कुठले?" असं उंबरदऱ्यात कुणी विचारत नाही.