एकसष्ट बर्गर आणि पांढरा शर्ट

"एकसष्ट बर्गर खाल्लेस, आणि शर्ट एवढा पांढरा?"

दस्तगीरबाबांनी एवढंच विचारलं. रेवणला वाटलं, कौतुकच केलं.

"टिश्यू वापरतो, बाबा. घासाला एक," तो ऐटीत म्हणाला.

बाबांनी भट्टीत लाकूड सारलं.

सोलापुरात तेव्हा गल्लोगल्ली बर्गर निघाले होते. कुठला खावा, कुठला टाळावा, हे रेवणनं मोबाइलवर सांगितल्याशिवाय पोरं घराबाहेर पडत नसत. त्याची वही म्हणजे कोर्टाचा निकाल. पाव, टिक्की, चटणी, मांडणी... एकेकाला दहापैकी मार्क. शहरातला पहिला नंबर उद्या जाहीर व्हायचा, आणि आज पठ्ठ्याला चैन पडत नव्हतं. म्हणून सकाळीच बाबांच्या भट्टीवर येऊन बसला. बाबांकडे लोक पाव न्यायला यायचे आणि जाता जाता मनातलं बोलून जायचे.

"दोनच उरलेत, बाबा. होटगी रोडचं काचेचं दुकान, आणि सात रस्ता चौकातली अनसूयाबाईंची गाडी. वही म्हणते, काचेचं दुकान."

"आणि तू?"

रेवण घुटमळला...

"जीभ म्हणते, गाडी. पण जिभेचं कोण ऐकतंय? दुकान दोन मार्कांनी पुढं आहे."

"कशामुळं?"

"पावामुळं. बाकी सगळ्यात गाडीच वरचढ. पण दुकानाच्या पावाला नऊ दिलेत. रेशमासारखा मऊ, अगदी परदेशातला वाटतो. गाडीवरच्याला चार. गावठी आहे."

"हं," बाबा म्हणाले. "बस जरा. पावाचा पत्रा निघतोय."

पत्रा निघाला. गोल, तांबूस पाव, टम्म फुगलेले. वासानंच भूक खवळावी असे.

तेवढ्यात दारात टेम्पो थांबला. टेम्पोवर होटगी रोडच्या त्या दुकानाचं नाव. ड्रायव्हरनं पत्र्यातले सहा डझन पाव मोजून नेले. मागोमाग पदर खोचलेली एक बाई टोपली घेऊन आली आणि उरलेले दोन डझन भरू लागली.

रेवण टेम्पोकडे बघतोय, टोपलीकडे बघतोय.

"बाबा... एकाच पत्र्यातले?"

"छे, एकच कसे? त्यानं उजवीकडचे नेले. बाई डावीकडचे नेते."

बाबांचा चेहरा अगदी सरळ.

बाईनं वळून बघितलं आणि कमरेवर हात ठेवला. त्याच अनसूयाबाई.

"अगं बाई, वहीवाले साहेब! काय वो, परवा माझ्या गाडीपुढं नाकाला रुमाल लावून खात होता, ते तुम्हीच ना? शेजारच्या गटाराचा वास माझ्या पावात मोजला की काय?"

रेवणचे कान लाल झाले. मग तो एकदम हसायलाच लागला. इतका हसला, की डोळ्यांत पाणी आलं. पेन काढलं आणि पावाचा सगळा रकाना वरपासून खालपर्यंत खोडून टाकला. मग बोटं मोजत बेरीज मांडू लागला.

"बेरीज नंतर," अनसूयाबाई म्हणाल्या. "हात मोकळे करा."

त्यांनी टोपलीतला डबा उघडला. गरम पाव मधोमध फोडला, टिक्की ठेवली, वर दह्यात कालवलेली लालभडक शेंगाचटणी, आणि दाबून त्याच्या दोन्ही हातांत दिला.

वही सरपणावर पडली. टिश्यू खिशातच राहिले.

भट्टीत लाकूड तडतडलं. रेवणच्या हनुवटीवरून चटणी निघाली, मनगटावर आली, तिथून थेट शर्टावर. त्याचं लक्षच नव्हतं. मध्ये एकदा नुसतं "हं..." म्हणाला, बस.

शेवटचं बोट चाटून झालं, तेव्हा कुठं त्याला जग दिसलं.

"बाई, उद्या दोन डझनांनी भागायचं नाही. दहा न्या."

अनसूयाबाईंनी पदर तोंडाला लावला. हसत होत्या की रडत होत्या, कुणास ठाऊक.

रेवणनं वही उचलली. नवं पान काढलं.

"बाबा, हा लिहून ठेवतो. बासष्टावा."

बाबांनी त्याच्या हातातलं पेन अलगद काढून घेतलं. शर्टावरच्या त्या लाल ओघळाकडे डोळे भरून बघितलं.

"बासष्टावा कुठला, लेकरा?" ते म्हणाले. "पहिला."