ठकूचे नेचे

घाटात गाडीरस्ता व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. कुंभेरी गावाच्या वर देवराई होती आणि राईच्या पोटातून गावाचा एकुलता एक झरा निघत असे. झऱ्याच्या दोन्ही अंगांना, गर्द सावलीत, कमरेएवढे नेचे वाढत. कौल लावून देवाला विचारल्याशिवाय राईतली काडीही कुणी उचलत नसे. आणि विधवेने राईत पाऊल टाकायचं नाही, असाही नियम होता. कुणी केला? देवाने तर नक्कीच नाही.

ठकू अशीच एक विधवा. तरुण आणि तोंडाने तिखट. हद्दीच्या दगडाबाहेर बसून ती नेचे बघत राही. उन्हाळ्यात ते तपकिरी होऊन लोळतात आणि पावसात जमिनीतल्या गड्ड्यातून गुंडाळ्या उलगडत पुन्हा उठतात, हे तिने पाहिलं होतं.

एका वर्षी राबाला, म्हणजे भाताचं रोप टाकण्याआधी वाफ्यात जाळायला, पाला कमी पडला. गावचा मानकरी दौलत गावकर याने कौल लावला, "देवा, राईतला मेलेला पाला नेऊ का?" उजवं फूल पडलं, म्हणजे होकार. देव तरी काय करणार? प्रश्नच खोटा होता.

माणसं कुदळी घेऊन राईत शिरली आणि वाळलेले नेचे मुळासकट खणू लागली. ठकू हद्दीवरून ओरडली, "गड्डे उपटू नका! जिवंत आहेत ते!"

"गप गं," गावकर म्हणाला. "नवरा राखता आला नाही, आणि निघाली गवत राखायला!"

सगळे हसले. हो, हसले.

पाऊस आला आणि उघडी पडलेली माती झऱ्यात उतरली. दिवाळीपर्यंत झरा बुजला. दोष कुणावर आला? ठकूवर! तिच्या ओरडण्याने म्हणे देव कोपला.

तेव्हा ठकूने पदर खोचला आणि हद्द ओलांडली.

"वाळीत टाकू तुला!" गावकर ओरडला.

"टाका की! आजवर कुठल्या पंगतीला बसवत होता?"

ती राईतच राहिली. पलीकडच्या दरीतून मातीच्या ढेकळांसकट गड्डे आणी, खडकांच्या सावलीला लावी, कोंब तेवढा मातीवर ठेवी आणि पाचोळा पांघरी. तिच्या ओल्या पावलांच्या ठशातूनही नेचे उगवत, असं म्हणतात. ती निजली की वाघ हद्दीवर राखण करी, असंही म्हणतात. उन्हाळ्यात सगळं वाळलं तेव्हा गाव पुन्हा हसलं. पण पाऊस लागला आणि साऱ्या उतारावर हिरव्या मुठी उघडल्या. मातीने पाणी धरलं. झरा वाहिला.

गावकर नारळ घेऊन धावला. "ठकूबाई, तू देवीच आहेस!"

"देवी करू नका मला. देवीला नारळ देतात, तिचं ऐकत कुणी नाही. माझ्यासारख्या बायांना आत सोडा."

एवढं बोलून ती नेच्यांत शिरली. पानं तिच्यामागे मिटली आणि ती पुन्हा दिसली नाही, असं म्हणतात.

आणि गावाने काय केलं? हद्दीच्या दगडाला शेंदूर फासला, तिला देवी केलं आणि विधवांना तसंच बाहेर ठेवलं! शेवटी त्या बायाच एका पावसाळ्यात उठल्या, हातात एकेक गड्डा घेऊन सरळ आत गेल्या. त्यांना अडवायला कुणी धजावलं नाही.

आजही कुंभेरीत राबाला राईतलं पान जात नाही. श्रावणात नेचे लावायला विधवा आधी आत जातात. त्यांचं लावून होईपर्यंत गावकराच्या मानाचा माणूससुद्धा टोपल्या घेऊन हद्दीबाहेर उभा राहतो. कुणाचं पाऊल घाईने पुढे पडलंच, तर एखादी म्हातारी आतून ओरडते,

"थांब रे! आम्ही किती पिढ्या थांबलो!"