काचेखालची पेज

फार फार मागं, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक कारागीर राहत होता. सरपणापायी डोंगर बोडका झालेला, धुरानं बायकांचे डोळे सदा लाल. ते बघवेना, म्हणून त्यानं चावडीपुढं एक भलीमोठी पेटी बांधली. वर काच, कडेनं आरसे. ऊन आत शिरलं की तिथंच कोंडायचं. सकाळी ज्यानं त्यानं आपलं भांडं ठेवावं, दुपारी शिजलेलं न्यावं.

पहिल्या दिवशी पेटी गच्च भरली. बायका काचेवर वाकून बघतायत.

"वहिनी, आज आंबेमोहोर वाटतं?"

"आणि ती कडेची पाण्यासारखी पेज कुणाची गं?"

पुढं काय झालं कोण जाणे, भांडी कमी होऊ लागली. कारागिरानं आरसे पुसले, पेटी उन्हाकडं वळवली. भांडी आणखी घटली. घराघरांतून परत धूर. त्याचं डोकं चालेना.

पाटील म्हणाले, "जागा अडते बाबा. पुनवेला पंच बसतील. कारण सांग, नाहीतर पेटी मोड."

कारागीर टोपल्या विणणाऱ्या म्हातारीकडं गेला. ती चुलीपाशी खोकत बसलेली.

"मावशी, माझ्या पेटीत काय खोट आहे?"

"खोट कसली? माझी पेज पातळ, ती घरात माझी मलाच ठाऊक. तुझ्या काचेतून सगळ्या गावाला दिसते."

"मग आंबेमोहोरवाली का येत नाही?"

"तिच्या दारात उसनं मागणारे वाढलेत, म्हणून."

पुनवेला पंच बसले. खरं सांगितलं तर पेटी वाचेल, पण कुणाकुणाची चूल गावापुढं उघडी पडेल. म्हातारी मागं मान खाली घालून बसलेली. कारागीर पुढं झाला.

"चूक माझी आहे. भांडी उघडी, म्हणून ऊन धरत नाहीत. चार दिवस द्या."

"एवढा शहाणा, आणि झाकण सुचलं नाही होय?" सगळे हसले. त्यानं त्यांना हसू दिलं.

मग त्यानं सगळ्यांना एकसारखी भांडी दिली, काळी, काळ्या झाकणांची. बुडाला ज्याची त्याची खूण. पेटी पुन्हा भरली. आणि गंमत अशी, की अन्न खरोखरच लवकर शिजू लागलं.

पाटलांनी विचारलं, "म्हणजे दोष उघड्या भांड्यांचाच होता तर?"

कारागिरानं एक झाकण नीट बसवलं. "आता माझं मलाच सांगता येत नाही, पाटील."

तात्पर्य: दुसऱ्याचं अन्न शिजवायला हात जरूर लावावा, पण त्याच्या भांड्यात डोकावू नये.