कानाशी हलवलेले नारळ

देवाशपथ, ही खरी गोष्ट आहे. निदान सांगणाऱ्याने तशी शपथ घेतली होती. यमूकाकू सुनेच्या ओटीसाठी नारळ घ्यायला बिनगल्ल्याच्या, कॅमेरेवाल्या दुकानात गेल्या. ढीगभर नारळ कानाशी हलवून त्यांनी एक निवडला. कॅमेऱ्याने अख्ख्या ढिगाचं बिल लावलं. दार उघडेना.

"काकू, हातात घेतलं की विकत. कॅमेरा चुकत नाही," मॅनेजर ढोमसे म्हणाले.

"देते की. पण नासके तर नाहीत ना, बघा बरं."

ढोमसेंनी गंभीरपणे एकेक नारळ कानाशी हलवला. सगळं बिल ढोमसेंच्याच नावावर गेलं.

"अहो, मी नुसते हलवून पाहिले!"

"मग मी काय केलं होतं, साहेब?"

काकूंनी एकाच नारळाचे पैसे दिले. दार उघडलं.

आता तुम्हीही ही गोष्ट कानाशी घेतलीत. काढा पैसे.